प्रवासाची तरतूद संपली

त्या वर्षी आमच्या आरोग्य खात्याची प्रवासाची तरतूद दिवाळीलाच संपली. भाड्याची जीप बंद झाली. मार्चपर्यंत दौरे नाहीत, बैठका मोबाइलवरच घ्या, असं वरून कळवलं गेलं. जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर जाऊन नर्सबाईंचं काम पाहणं, हीच माझी नोकरी. यवतमाळच्या त्या खुर्चीत माझं मन लागेना. उठायचे, भरलेली बाटली पुन्हा भरून आणायचे.

एका बैठकीत झरी जामणीकडची नर्स म्हणाली, "मॅडम, पोडावरची एक बाई दिवस भरत आलीय. दवाखान्यात यायले तयारच नाही. तुम्ही एकदा येता का?" पुढचं ऐकू आलं नाही. पडद्यावर तिचा चेहरा तसाच थिजून राहिला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली.

"सोताच्या पैशानं सरकारी काम? कायले?" नवऱ्यानं विचारलं. तो रागावला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. मी बाटली भरून पिशवीत टाकली.

पांढरकवड्यापर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी. जीप भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना, आणि मी तीनदा खाली उतरून पुन्हा चढले. नर्स रस्त्यावरच उभी होती. आम्ही तशाच कोलाम आदिवासींच्या त्या वस्तीवर, पोडावर, चालत गेलो. त्या घराच्या दाराला काटेरी फांदी लावलेली होती. शेजारची म्हातारी कोलामीत काहीतरी बोलली. नर्सनं सांगितलं, "कालच गेली म्हणते. नवऱ्याच्या गाडीवर, तेलंगणात, मायकडं."

तिच्या नवऱ्याचा फोन बंद. मी अंगणात येरझारा घालत राहिले.

"बसा ना, मॅडम," नर्स म्हणाली. "आता काय करता?"

उपकेंद्रात तिनं चहा केला. दारव्ह्याची पोरगी, इथं एकटी राहणारी. परतीच्या जीपचा हॉर्न वाजेपर्यंत ती बोलत होती आणि माझं अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं. याचं मला तिथंच वाईट वाटत होतं. निघताना म्हणाली, "तुम्ही आल्या तं बरं वाटलं."

"मी येऊन काय झालं? ती तर निघून गेली."

"तरी बी."

कार्यालयात विनापरवानगी दौऱ्याबद्दल खुलासा मागितला गेला. रजेवर होते, खर्च मागणार नाही, एवढंच मी लिहून दिलं. काही दिवसांनी नर्सचा फोन आला. आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात त्या बाईला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. त्यात माझा काहीच हात नव्हता. तरी फोन ठेवल्यावर मला बसवेना. उमरखेडकडच्या उपकेंद्रांकडे जाणारी एसटी सकाळी कितीला असते, ते विचारायला मी स्टँडवर गेले.