घंटी दारावर, उजेड संडासात

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दारावरची घंटी बसवणं. जुनी बंद पडली होती, बायकोनं महिनाभर माझं डोकं खाल्लं, तेव्हा मी नवी घंटी, बटण आणि वायरचा तुकडा घेऊन आलो. वायर सगळी लाल.

"अहो, सगळ्या लालच? ओळखणार कशा?"

"मला कळतं," म्हणालो. शाळा सातवीत सुटली माझी, पण पुण्याजवळचं हे धायरी खेडं होतं तेव्हापासून घरातली लाईट मीच बघत आलोय.

लाईटचा मेन खटका, तो एमसीबी, खाली पाडला, दाराजवळच्या बोर्डात तारा कोंबल्या, एमसीबी वर केला. ती बाहेर जाऊन उभी राहिली.

"दाब!"

"दाबतेय!"

"जोरात दाब!"

"बटण आहे हो, बंद पडलेली गाडी नाही!"

घंटी गप्प. पण बोर्डाला लागूनच आमचा संडास, त्यातला दिवा लागला. तिनं बोट काढलं, विझला. परत दाबलं, परत लागला. आत बोलावून तिला सांगितलं, तर ती हसत हसत खालीच बसली. "पाहुणा दारात आणि उजेड संडासात! राहू द्या आता, उद्या बघा."

उद्या उजाडला, पण ती उठलीच नाही. झोपेतच गेली.

सुतकात दार उघडंच असतं. घंटीला कोण विचारतंय? तेरावं झालं, दार लागलं आणि तमाशा सुरू झाला. तिचा थोरला भाऊ अजून मुक्कामाला होता. भला माणूस, पण संडासात गेला की तिथलाच होतो. आता आमच्या घरात आतल्यानं लवकर निघावं म्हणून बाहेरून दिवा चालू-बंद करायची जुनी सवय. हे त्यालाही ठाऊक. भर दुपारी तो आत बसलेला, आणि शेजारीण डबा घेऊन दारात आली. घंटी वाजेना म्हणून तिनं पाच-सहा वेळा बटण दाबलं.

आतून ओरडला, "आलो, आलो!"

तिनं परत दाबलं.

"अरे, सुखानं बसू तरी द्या!"

बाहेर आला तो तडक बॅग भरायला लागला. "दाजी, जा म्हणायचं असेल तर तोंडानं म्हणा. दिव्यानं काय सांगता?"

मला हसू फुटलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा. समजावल्यावर तोही हसला. शेजारीणही हसली. आईच्या दिवसांसाठी येऊन राहिलेली माझी मुलगी मात्र हसली नाही.

"अण्णा, हसताय काय? उद्या शॉक बसला तर घरात आहे कोण? मी उद्या वायरमन बोलावते, तो सगळं नीट करेल. मग घराला कुलूप लावू. तुम्ही कर्वेनगरला चला."

तिच्या घरी दिवासुद्धा मोबाईलवर लागतो. मुतायला उठायचं तर नातवाचा फोन मागावा लागतो.

"मी इथंच राहणार."

"घंटी धड लावता येत नाही, आणि म्हणे एकटा राहणार!"

 तारा मीच घुसवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झोपलेली होती तेव्हा मी एमसीबी पाडला आणि बोर्ड उघडला. घंटीच्या बटणाची तार संडासच्या दिव्याच्या बटणात बसली होती. सोडवली, जागेवर लावली, स्क्रू आवळले, एमसीबी वर केला. आता बाहेरून दाबणार कोण? मग मीच बाहेर गेलो, दार ओढून घेतलं आणि बटण दाबलं. आत घंटी खणखणली. दाबूनच ठेवलं.

मुलगी केस बांधत दार उघडायला आली. "इतक्या सकाळी कोण... अण्णा? बाहेर काय करताय?"

"ते नंतर. आधी संडासचा दिवा बघ."

ती डोकावली. मी परत दाबलं.

"बंद आहे," ती म्हणाली.

"मग त्या वायरमनला फोन कर, येऊ नको म्हणून," म्हणालो, आणि चहा ठेवायला आत गेलो.