रिकाम्या प्लायवूडची कड

आमची आत्या महाभित्री. बाबा छोटं विमान बांधत होते आणि पंखांच्या आतल्या फळ्यांचे आकार ती कॉम्प्युटरवर काढून द्यायची. मशीन त्याबरहुकूम प्लायवूड कापायचं. मग प्रत्येक फळीवरून ती डोळे मिटून बोट फिरवायची. बाबा वैतागायचे, "अगं, विमान आहे की तान्हं बाळ?" आम्हीही खुशाल दात काढायचो.

एक फळी चिरली, तेव्हा नेमकी आत्या तापाने पडलेली. बाबांनी तिच्या कॉम्प्युटरवरून नवी कापली, पंखात बसवली, वर कापड ताणलं.

आज माझ्याकडे खिसे रिकामे करून बाबा पहिल्यांदा उडायला गेले. धावपट्टीलगतच्या शेडमध्ये आम्ही दोघी केर काढत होतो. त्या फळीचं उरलेलं प्लायवूड आत्याच्या हाती लागलं. सवयीने तिने फळी कापून निघाल्यावर उरलेल्या पोकळीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि पुढच्या टोकाशी ती थबकली.

"इथे उंचवटा आहे. म्हणजे फळीला तिथे खळगा. दादाने माझा जुना, चुकलेला आकार कापलाय गं!"

बाहेर इंजिनाचा आवाज वर चढला. तिने बाबांना फोन लावला.

तो माझ्याच पिशवीत वाजला.