कांडीवालीची खूण

कांडीवाली बोलायची हातांनी. सुरतेजवळ उधन्याच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, आम्ही नवरा-बायको बारा वर्षं एका छताखाली होतो. मी संच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर, ती सुताच्या कांड्या भरायला. संचे चालू असले की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून सगळ्यांच्या खुणा ठरलेल्या. हिची सवय घरीही सुटली नाही. ओठांना दोन बोटं लावली की चहा. तळवा आडवा धरून दोनदा खाली दाबला की थांबा.

भीती तिला ठाऊकच नव्हती. एकदा संच्याचा पट्टा तुटून अंगावर आला. मी पळालो, ती जागची हलली नाही. वर मलाच म्हणाली, "पळून जाणार कुठं? तिकडं भिंत आहे."

नव्वद सालानंतरची एक दिवाळी. खातं बंद. गल्लीनं बस केली आणि आम्ही दीवला गेलो. तिथून होडीनं एका लहान बेटाकडं. बेटाच्या खडकात गुहा, ओहोटी असेल तरच होडी आत जाते. तापी सोडून दुसरं मोठं पाणी न पाहिलेली ही बाई होडीच्या टोकाला जाऊन बसली.

आत पाण्याचा असा आवाज, जसं खातंच चालू आहे. वरच्या फटीतून ऊन पडलेलं, छतावर हिरवा उजेड हलत होता. ती मान वर करून बघतच राहिली. तेवढ्यात लाट आली, होडी खडकाला घासली. मला पोहता येत नाही. मी होडीची कड धरली. तिनं मागं वळून तळवा दोनदा खाली दाबला. थांबा. मला स्वच्छ दिसलं. तरी मी होडीवाल्याचा खांदा हलवून बाहेर बोट दाखवलं.

बाहेर आल्यावर ती माहेरच्या अहिराणीवर आली, "माले अजून दखनं व्हतं."

"अंधारात तुझा हात दिसला नाही मला."

"तुमले दखायनं व्हतं. माले मालूम शे." मला दिसलं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

परत आत ने म्हटलं, तर होडीवाला म्हणाला, "हवे नहीं, काका. पाणी चढे छे." आता नाही, भरती लागली होती.

पुढच्या दिवाळीला आणतो, म्हणालो. नाही आणलं. एकदा पोरीचं लग्न, एकदा घराचे पत्रे, एकदा नुसता आळस. तिनं तोंडानं कधी विचारलं नाही. सुट्टी लागली की स्टोव्हपाशी बसून हात लाटेसारखा हलवायची. मी पेपर तोंडापुढं धरायचो. मला वाचायला येतं ते अक्षर जोडून जोडून, हे तिला माहीत होतं.

गेल्या पावसाळ्यात दवाखान्यात तिच्या घशात नळी घातली. नर्स म्हणाली, "आजी काय मागतात, कळत नाही." मला कळत होतं. भेटीची वेळ संपली, मी उठलो. तिनं तळवा दोनदा खाली दाबला. मी बसलो. वॉचमन ओरडला, तरी बसलोच. कानाशी वाकून सांगितलं, "गुहेत मला दिसलं होतं. मी भ्यालो होतो."

तिनं ओठांना दोन बोटं लावली. चहा. इतकंच. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

यंदा गल्लीची बस पुन्हा दीवला निघतेय. पोरगी म्हणते, "बाबा, तुम्हाला पोहता येत नाही." नाव दिलंय मी. होडीवाल्याला सांगणार आहे, ओहोटी आहे तोवर आतच थांब. मी कितीही खांदा हलवला तरी.