न खेळलेल्या गेमची शिफारस

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कोल्हापुरातल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायचो. एकदा मैदानी स्पर्धांचा एक गेम आला. शंभर मीटर, अडथळ्यांची शर्यत, भालाफेक. दोन बटणं जितकी भराभर बडवाल, तितका आपला खेळाडू जोरात पळायचा. राजारामपुरीत मित्राच्या खोलीवर आम्ही चौघं एकाच वेळी पळालो, घसा बसेपर्यंत ओरडलो. मी भरभरून लिहिलं आणि शेवटी एक ओळ जोडली: दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरही हा गेम मिळतो, मजा तीच. त्या मशीनला मी हातसुद्धा लावला नव्हता.

आठवड्याभरानं कागलचे एक पीटीचे शिक्षक कचेरीत आले.

"पावणं, गेमचं लिवणारं तुमीच न्हवं? घरला चला. एकदा बघाच."

त्यांची मुलगी जिल्ह्यासाठी पळणारी. सरावात पाय मोडला म्हणून प्लास्टर घालून घरी बसलेली. माझं परीक्षण वाचून वडिलांनी घरातल्या मशीनसाठी, म्हणजे त्या दुसऱ्या कंपनीच्याच मशीनसाठी, गेम आणला होता, आणि संघातल्या तीन मैत्रिणी तिच्याशी शर्यत लावायला आल्या होत्या.

मी घरी पोचल्यावर तिनं मशीन लावलं. पिस्तूल वाजलं. ती बटणं बडवत राहिली, पण पडद्यावरचा खेळाडू जागचा हलेना. हलला तोवर मशीननं पळवलेले बाकीचे खेळाडू रेषेपार गेले होते. चौघींनी एकत्र पळायची सोयही त्यात नव्हती. एकीनं खेळायचं, तिघींनी बघत बसायचं. मी डबा उलटून पाहिला. डब्यावर नाव तेच, चित्र तेच!

"सर, ह्या मशीनवर तुमी खेळलायसा?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग लिवलं कसं?"

तिचा आवाज जराही चढला नव्हता. समोर आलेला चहा मला पिववेना.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांकडे दुरुस्ती नेली. "गेमची कसली दुरुस्ती छापायची?" ते हसले. "मग माझं सदर बंद करा," मी म्हणालो. माझाच आवाज ऐकून मी दचकलो. त्या मशीनवर मी खेळलोच नव्हतो, अशा दुरुस्तीच्या चार ओळी छापून आल्या.

पुढच्या रविवारी मित्राचं मशीन आणि त्यावरचा गेम घेऊन मी कागलला गेलो. प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून ती तिन्ही मैत्रिणींना हरवत सुटली. आरडाओरडा ऐकून शेजारीण धावत आली.

"ह्यो चांगला हाय की!" बटणं न सोडता मुलगी मला म्हणाली. "आता लिवा. पण कुठल्या मशीनवर खेळलासा, ते आधी लिवा."