झोळीतून राजूरला

१४ नोव्हेंबर १९७१. सकाळी सुधाची ट्रंक भरली. माझी ही भाची भंडारदऱ्याच्या वरच्या एका वाडीत राहते. तिचा नवरा तिथे मास्तर आहे. तिला सातवा महिना लागलेला, आई नाही, म्हणून बाळंतपणाला सावेडीला माझ्या घरी न्यायला मी आदल्या दिवशी गेले होते. जावई कामासाठी तालुक्याला गेले होते.

एसटी खालच्या रस्त्यावर थांबते, म्हणून आम्ही पायीच उतरायला लागलो. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना भात पिकलं होतं आणि बायका गोफणीने पाखरं उडवत होत्या. त्यांच्याकडे बघता बघता सुधाचा पाय निसटला. ती बसती आपटली. कमरेतून कळ निघतेय म्हणाली, आणि मग हळूच, "मावशी, बाळाची हालचाल लागत नाही."

ट्रंक घेऊन पुढे गेलेले वाडीतले धावजीबाबा हाका ऐकून परतले. तिच्याकडे बघून म्हणाले, झोळी करावी लागंल.

"झोळीला अजून दोन महिने आहेत," मी म्हटलं.

बायका फिस्सकन हसल्या. "लेकराची न्हाई बाई, आईची."

तिकडे आजाऱ्याला घोंगडीत निजवून तिची टोकं बांबूला बांधतात आणि खांद्यावरून नेतात. तीही झोळीच. शेतातले गडी आले. उतारावर डोकं वर राहावं म्हणून त्यांनी सुधाचे पाय पुढे केले. तिच्या ते ध्यानात आलं आणि ती रडायला लागली. पाय पुढे करून कुणाला नेतात, हे काय तिला सांगायला हवं होतं? मी खेकसले, उपयोग झाला नाही.

धावजीबाबांनी खांदा दिला. "तिरडीवरचं मानूस बोलत न्हाई. तू बोलत ऱ्हा, पोरी."

मग ती बोलत राहिली. सासूच्या कागाळ्या, पापडाचं प्रमाण, शेजारणीची खोड. मी मागून चालत होते. ओढा (तिकडे 'व्हळ') ओलांडताना ती गप्प झाली की मी पुढे होऊन झोळीत डोकावे. "पुढं काय झालं गं?" गडी विचारत.

राजूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बराच वेळ नळी लावून ऐकलं. ठोके आहेत, म्हणाले. पण महिनाभर हलायचं नाही. गडी चहा न घेताच परतले. त्यांना अंधाराआधी वर पोचायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधा अगदी निपचित झोपलेली दिसली. मी तिला गदागदा हलवून उठवलं आणि म्हटलं, "बोल काहीतरी." ती भयंकर चिडली. मग मी चहा सांगायला बाहेर गेले.