तात्यांचं गाऱ्हाणं

आमचे सासरे, तात्या, सरळ कधी बोललेच नाहीत. मी लग्न होऊन आले तर उंबऱ्यावरच म्हणाले, "ये बाय, आमच्या दिवट्याला सांभाळायला सरकार माणूस देईना, तुझ्या बापाने दिला." दिवटा म्हणजे माझा नवरा. पावसचे आंबे टेम्पोने पोचवायचा, आणि हळदीला गेला की नाचायला पहिला, प्यायला त्याच्याही आधी.

अशाच एका हळदीवरून आम्ही परत येत होतो, पोर माझ्या मांडीवर, मी आपली अहो हळू, अहो हळू करत्येय, आणि रत्नागिरीच्या नाक्यावर पोलिसांनी हात केला. मशीनमध्ये फुंका म्हणाले. आमच्या साहेबांनी, म्हणजे ह्यांनी, आधी गाल फुगवून नाटकं केली, मग फुंकलं, आणि मशीनला काय आमची भीड! मग सिव्हिलला रक्त काढलं, लायसन घेतलं, टेम्पो पोलीस स्टेशनात, कोर्टाची तारीख पदरात. मला तर बेड्याच दिसायला लागल्या.

घरी तात्यांनी नातवाला उचललं, डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. मग मुलाला म्हणाले, "लय हुशार हो! तिघं गेलाव, तिघं परत आलाव. दरवेळी जमतं काय रे असं?"

वकिलांनी सांगितलं, पहिला गुन्हा आहे, दंड होईल, कैद होईल, नायतर दोन्ही, ते कोर्ट ठरवील. परत सापडला तर शिक्षा वाढते. कबूल करा, नायतर केस लढवा आणि तारखा मोजा. मी विचारलं, "पण आत टाकतील काय हो?" "टाकतीलच असं नाय," म्हणाले. एवढ्याने काय माझी धडधड थांबते! लेकराला घेऊन मी जाऊ कुठे?

वाडीत मात्र घरोघरी वकील निघाले. एकाने शिकवलं, खोकल्याचं औषध प्यायलो होतो असं सांग. ह्यांना ते फार पटलं. तात्या म्हणाले, "सांग, सांग. बादलीने प्यायलो म्हण, म्हणजे मशीनचा हिशोब जुळेल."

तारखेच्या आदल्या दिवशी देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलं, केस सुटू दे म्हणून. वाडीचं गाऱ्हाणं तात्याच घालायचे. नारळ ठेवून ते एकेक बोलायचे आणि बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. ऐकतो कोण, सवयीने तोंड उघडतं.

"बा देवा महाराजा, तुझं हे लेकरू हळदीला दारू प्यायलं..."

"व्हय महाराजा!"

"बायको-पोराला बाजूला बसवून गाडी हाकली..."

"व्हय महाराजा!"

"खोकला त्याला झालेलाच नव्हता..."

"व्हय महाराजा!" सगळ्यात मोठा आवाज आमच्या ह्यांचा. मग कळलं आणि जीभ चावली.

"पोर जितं ठेवलंस, त्याचा हा नारळ," तात्या म्हणाले आणि फोडून मोकळे झाले. सुटण्याचं अक्षर काढलं नाय.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? हे घामाघूम. मी पोराला इतकं आवळलं की ते रडायला लागलं. मागच्या बाकावर तात्या फक्त खोकले.

"व्हय महाराजा," हे म्हणाले.

न्यायाधीशांनी मान खाली घातली, हसले की काय देव जाणे. दंड झाला, लायसन काही महिने गेलं, कैद टळली.

तेवढे महिने सोडवून आणलेल्या टेम्पोची चावी तात्यांच्या करगोट्याला. ह्यांनी मागितली की, "चालत जा. पायांना लायसन लागत नाय." लायसन परत आलं तेव्हा चावी त्यांनी माझ्या हातात दिली. "ह्याने आधी तुझ्यासमोर फुंकायचं, मग चावी. मशीन बिघडेल, बायकोचं नाक नाय बिघडत." मी हसले. ते नाय हसले.

गेल्या पावसाळ्यात तात्या गेले. गाऱ्हाणं आता ह्यांच्याकडे आलं. पहिल्यांदा नारळ ठेवून उभे राहिले, घसा साफ केला. मग म्हणाले, "बा देवा महाराजा, चावी तिच्याकडे आहे, ती तिच्याकडेच राहू दे..."

आमच्यात बायका मोठ्याने साथ देत नाहीत. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी मीच ओरडले, "व्हय महाराजा!"