कोलशेतची पोलीसबाय

कोलशेतच्या खाडीवर पोलीसबायच्या परवानगीशिवाय कुणी तिवरांच्या झाडीत शिरत नसे. पोलिसांशी तिचा काही संबंध नव्हता. ती चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडून विकणारी कोळीण. पण तिची नजर अशी, की सरळ माणसालाही आपण काहीतरी लपवतोय असं वाटावं. कॉलेजच्या अभ्यासासाठी मी पानं गोळा करायला गेले, तेव्हा तिनं माझी पिशवी चिखलात उपडी केली. आतली मोजपट्टी उचलून म्हणाली, "मापं घेनाऱ्यांचा डोला जमिनीवर असतो. कोनी धाडलं तुला?"

"सरांनी, आजी."

"म्हंजे सरला बंगला बांधायचाय."

तीन महिने ती माझ्या मागे मागे चालली. मग हळूहळू पुढे चालू लागली. तिचा संशय माणसांपुरता नव्हता. रोजच्या जागी बगळे उतरले नाहीत, तरी तिला चैन पडत नसे. कोल्ह्याचे ठसे वस्तीकडे वळलेले दिसले की म्हणायची, "आत खायला नाय त्याला. चिंबोऱ्या कमी झाल्या. का झाल्या?"

एका वर्षी आतली तिवरं पिवळी पडू लागली. मी पानांवर कीड शोधत बसले. ती भर भरतीच्या वेळी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "रोग नाय हा. पानी कोनीतरी अडवलंय."

भरतीचं पाणी आत आणणाऱ्या नाल्याच्या कडेनं आम्ही गेलो. त्याचं तोंड माती आणि फुटक्या लाद्यांनी बुजवलेलं होतं. तिनं एक निळा तुकडा उचलला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला. मी विचारलं, तर म्हणाली, "काय नाय."

दुसऱ्या दिवशी ती थेट माझ्या घरी आली. तिच्या मुलाचा, भरतचा, डंपर होता. त्याच्या हौद्यात तशाच निळ्या लाद्यांचा चुरा तिला सापडला होता.

"इचारलं त्याला. जेवता जेवता मान वर केली नाय त्यानं. तू वनखात्याला अर्ज लिव. नाव मी सांगते."

मी कागद बाजूला सारला. "आजी, मुलगा आहे तुमचा."

"म्हनून तर आदी त्याच्याकडं बघितलं नाय मी."

वनखात्याच्या माणसांसमोर तिनं स्वतः साक्ष दिली. डंपर जप्त झाला, भराव निघाला, पाणी आत आलं. भरत बायकामुलांना घेऊन कोपरीला गेला, तो परत आला नाही. पोलीसबाय एकटीच रांधून जेवू लागली. रस्त्यानं डंपर गेला की ती आधी नंबर बघायची, मग चालवणाऱ्याचा चेहरा.

गेल्या वर्षी ती गेली. बाराव्याला आलेला भरत मला खाडीच्या काठावर भेटला.

"ताई, आई माझ्याबद्दल काही बोलायची?"

खोटं बोलावंसं वाटलं. जमलं नाही. "नाव कधी घेतलं नाही त्यांनी."

तो नाल्याच्या दिशेनं बघू लागला. भरती चढत होती.

"ते नाल्याकडचं... परत उगवलं का काही?"

मी हात करून नवी तिवरं दाखवली. चपला काठावर काढून तो एकटाच चिखलात उतरला.